ब्रेकवरचा हात

लोखंडी दोर डोळ्यांनी तपासता येत नाही. जुनं फडकं मुठीत धरायचं आणि दोर त्यातून सरकू द्यायचा. जिथं तार तुटलेली असते, तिथं फडकं अडकतं.

*

तिच्या आजोळी एक मामा होता. गळा गोड होता त्याचा. एका वर्षी तो बोलायचाच थांबला. त्याला 'त्या' दवाखान्यात नेलं, ठेवलं, बरा करून आणलं. तो घरी आला आणि दोन्ही मावश्यांची ठरलेली लग्नं मोडली. बरा होऊन मेल्यानं काय मिळवलं, असं आजी भांडी घासताना विचारायची. भांड्यांनाच विचारायची.

*

विहिरीच्या तळातून भरदिवसा चांदण्या दिसतात असं जो सांगतो, तो तळात उतरलेला नसतो. तळातून बादलीची खालची बाजू दिसते.

*

गोळी ब्लेडनं कापली तर चुरा होतो. दातांनी तोडली तर नीट दोन तुकडे पडतात.

*

शेजारच्या टोळीतला एक यारीवाला हल्ली बसस्टँडवर शेंगदाणे विकतो. पोरं त्याला 'ब्रेकफेल' म्हणून हाक मारतात. तो ओ देतो.

*

यारी म्हणजे विहीर खणताना काठावर उभं करतात ते यंत्र. एक खांब, खांबाला तिरका हात, मागे इंजिन, दोर गुंडाळायचं पिंप आणि एक दांडा. दांडा म्हणजे ब्रेक. तळात माणसं दगड फोडतात आणि लोखंडी बादली भरतात, इंजिन ती वर ओढतं. पण बादली थांबवायची, हळूहळू सोडायची, आत माणूस असेल तर झोपलेल्या लेकराला पाळण्यात ठेवावं तशी तळाला टेकवायची, हे सगळं दांड्याचं काम. आणि दांड्यावर तिचा नवरा.

ती स्वतः काठावर असायची. बादली वर आली की आकडा धरून बाजूला ओढायची आणि दगड उपडे करायची. तळात तिचा सख्खा भाऊ होता, बारक्या. नाव लहानपणीचं, आता त्याचे खांदे दारातून तिरके करून काढावे लागत.

टोळीची एक रीत होती. दांड्यावरचा हात नुसता काढायचा नाही. तहान लागो, लघवीला लागो, बदली माणसानं यायचं आणि आपल्या हातावर हात ठेवायचा. हात खाली असलेल्यानं विचारायचं, "धरलं?" वरच्यानं म्हणायचं, "धरलं." मगच खालचा हात निघायचा. 'धरलं' ऐकण्याआधी हात काढणारा माणूस दुसऱ्या दिवशी टोळीत नसे. बायकांनी मात्र दांड्याला हात लावायचा नाही, हीही रीतच होती. ती कुणी सांगत नसे, सगळ्यांना ठाऊक असे.

त्या दिवशी ऊन असं होतं की दगड हातात घेताना पदर गुंडाळावा लागत होता. जेवणाची सुट्टी झाली. बारक्या बादलीत उभा राहिला, एका हातानं दोर धरला, दुसऱ्यानं खूण केली. बादली निम्म्यावर आली आणि थांबली.

"भाऊजी!" विहिरीतून आवाज घुमला. "इथंच संसार मांडू का? मांडतो, पण आधी बायको बघून द्या!"

काठावर सगळे हसले. मुकादम म्हणाला, "तुला कोण देतंय रे पोरगी? विहिरीत तरी मावशील का जोडीनं!"

तीही हसत वळली. नवऱ्याकडं पाहिलं. तो दांड्यावर वाकला होता. दांडा इतका घट्ट धरलेला की बोटांची पेरं पांढरी पडलेली. हनुवटीवरून घाम टपकत होता आणि डोळे बादलीवर नव्हते, स्वतःच्या हातावर होते. कुत्रं अंगावर येतंय की बसतंय, असं बघत राहावं तसा तो हाताकडं बघत होता.

"अहो," ती जवळ जाऊन हळूच म्हणाली. "बारक्या लटकलाय."

त्यानं मान हलवली. बादली वर आली. बारक्या उतरला, भाऊजींच्या पाठीवर थाप मारून जेवायला गेला. नवरा जेवला नाही.

पाण्याच्या पिंपामागं तिनं त्याला गाठलं. तो तोंडावर पाणी मारत होता, थांबतच नव्हता.

"काय होतंय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणून माणूस असं तोंड धुतो? कातडं निघेल."

त्यानं तांब्या ठेवला. उजवा हात डाव्या काखेत दाबून धरला. "हात बोलतो," तो म्हणाला.

"काय बोलतो?"

"सोड म्हणतो."

तिला वाटलं, थकलाय. मग तो पुढं बोलला.

"रिकामी बादली असली की गप्प असतो. बारक्या बसला की बोलतो. मला तसं नको असतं गं. तुझी शपथ, नको असतं. झोपलो तरी बादली पडताना दिसते. म्हणून झोपत नाही."

"कधीपासून?"

"मागच्या विहिरीपासून."

मागच्या विहिरीपासून. म्हणजे एक सबंध विहीर तो हे उराशी धरून बसला होता, आणि ती रोज त्याच्या शेजारी झोपली होती.

"काकांना सांगू," ती म्हणाली. मुकादम त्याचा चुलत काका होता. "दुसरं काम देतील."

"काय सांगू? तुमच्या पोरांचे जीव ज्या हातात आहेत तो हात खुळा झालाय? ब्रेकफेलनं काय केलं होतं? हेच. खरं बोलला. झोप येत नाही, डॉक्टरला दाखवलं, असं मुकादमाला सांगितलं. संध्याकाळपर्यंत टोळीतलं एक माणूस त्याच्या दोराखाली उतरेना. दगड उचलायलासुद्धा कुणी ठेवला नाही. खुळ्यानं दगड मारला तर, म्हणे."

"मग डॉक्टरकडं तरी..."

"दवाखान्यात त्या दाराशी मला कुणी पाहिलं की झालं. यारी गेली. तुझ्या भावालाही कुणी ठेवणार नाही. खुळ्याचा मेव्हणा."

तिला मामा आठवला, मावश्या आठवल्या, आजीची भांडी आठवली. आणि तिथंच, पिंपाच्या ओल्या सावलीत, तिच्या डोक्यात ते आलं. चांगलंच वाटलं होतं तेव्हा.

"मी जाते," ती म्हणाली. "माझंच दुखणं म्हणून सांगते. तुमचा हात, माझा म्हणून."

*

मोठ्या गावातल्या दवाखान्यात एक लांब पडवी होती. आधी डोळे, मग दात, आणि अगदी टोकाला ते दार. त्या दारापुढचं बाक रिकामं होतं. दातांच्या बाकावर मात्र बसायला जागा नव्हती. ती दातांच्या बाकाच्या कडेला टेकली आणि गालाला हात लावून बसली. शेजारची बाई म्हणाली, "दाढ का?" ती म्हणाली, "हूं." टोकाच्या दारातून पुकारा झाला तेव्हा ती उठली, पडवीत मागंपुढं पाहिलं आणि आत शिरली. गालावरचा हात तसाच होता.

डॉक्टरीणबाई तरुण होती, आवाजानं मऊ. तिनं विचारलं, "दात का दुखतोय?"

"नाही. हात बोलतो."

एकदा सुरू झाल्यावर ती सांगत गेली. सोड म्हणतो. झोपेत पडताना दिसतं. जेवण जात नाही. दुसऱ्याचं दुखणं अंगावर घेऊन सांगताना तिला खरंच रडू आलं, आणि रडताना वाटलं, हे बरंय, खरं वाटेल.

"मला एक सांगा," बाई म्हणाली. "असे विचार ज्यांना येतात ना, ते तसं करतात असं नाही. तुम्हाला त्याची भीती वाटते, तसं व्हायला नको असतं, म्हणून तर विचार पुन्हापुन्हा येतो. तुम्ही वाईट नाही आहात. हे दुखणं आहे, आणि बरं होतं."

ते वाक्य तिनं पदराच्या गाठीत बांधावं तसं मनात बांधून घेतलं.

"स्वतःला संपवावंसं वाटतं का?"

आतापर्यंतच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिला ठाऊक होती. याचं नव्हतं. तिनं त्याला कधी विचारलंच नव्हतं.

"नाही," ती म्हणाली.

"काम काय करता?"

"दगड उचलते."

"यंत्रावर नाही ना? या गोळीनं सुरुवातीला झापड येते."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. वाजवतच होतं.

"नाही," ती म्हणाली.

"आधी अर्धीच घ्या. आणि पुढच्या वेळी घरचं कुणीतरी आणा सोबत. नवऱ्याला आणा."

परत आल्यावर तिनं गाठ सोडली. "बाई म्हणाली, असं वाटणारा माणूस तसं करतोच असं नाही. तुम्ही वाईट नाही म्हणाली."

"ते तुझ्या हाताबद्दल म्हणाली ती," तो म्हणाला. "माझा हात तिनं पाहिलाय कुठं?"

*

गोळी ती स्वतःच्या दातांनी तोडायची आणि अर्धा तुकडा त्याच्या तळहातावर ठेवायची. एकाच ताडपत्रीखाली तिघं राहत. मध्ये लुगड्याचा पडदा, पलीकडं बारक्या. त्यामुळं हे सगळं मुक्यानं चालायचं.

तो झोपू लागला. घोरलासुद्धा. तिनं ते घोरणं देवाचं नाव ऐकावं तसं ऐकलं. जेवणात लक्ष लागलं. एकदा बारक्या तळातून ओरडला, "भाऊजी, बादलीत बेडूक आलाय, तिकीट काढलं नाही म्हणतो!" आणि नवरा हसला. दात दिसतील असा हसला.

"भाऊजी झोपतात वाटतं आता," बारक्या जेवताना तिला म्हणाला.

"का रे?"

"काही नाही. तोंड बरं दिसतंय."

पण सकाळी त्याचे डोळे भाताच्या पेजेत बुडाल्यासारखे असत. दांडा ओढायला मनानं सांगितलं आणि हातानं ऐकलं, यांच्यामध्ये काहीतरी शिरलं होतं. एकदा बादली तळाला टेकली नाही, आदळली. बारक्याचा गुडघा सुजला.

"बाईनं सांगितलेलं खरं झालं," ती म्हणाली. "झापड. आपण गोळी थांबवू?"

"थांबवली तर हात बोलतो. घेतली तर हात झोपतो." तो म्हणाला. "कुठला हात पाहिजे ते तू सांग."

मग तिनं एक करायला सुरुवात केली. बादलीत माणूस असला की दगड टाकून ती दांड्याजवळ येऊन उभी राही. दांड्याला हात लावत नसे, त्याच्या कोपराला आपलं कोपर लावून ठेवी. तो मंदावला की कोपरानं ढोसायची. टोळीला करमणूक झाली.

"नवं लग्न झालंय जणू!"

"एक ब्रेक, दोन ड्रायव्हर!"

ती लाजल्यासारखं करायची. लाजणं सोपं होतं.

काही दिवस गेले. मग एका सकाळी मुकादमानं तिला बाजूला बोलावलं. पान थुंकला, पायानं माती लोटली.

"सूनबाई, तुझ्या काकूची दाढ काढली."

"बरं झालं, काका. फार त्रास होता त्यांना."

"हूं. दातांच्या बाकावर तुला पाहिलं म्हणाली. मग तू आत गेलीस. दातांच्या दारात नाही गेलीस म्हणाली."

एक शब्द बोलली असती तर सगळं त्याच्यावर गेलं असतं. तिनं खाली मान घातली, आणि ती मानच तिचं उत्तर झाली.

"मला वाटलंच," मुकादम म्हणाला. आवाज कठोर नव्हता. कठोर असता तर बरं झालं असतं. "बायकांना होतं असं. चारचौघांत मी बोलणार नाही. पण काठावर नको तू. वेडं माणूस काठावर नको. खालच्या पोरांना कळलं तर उतरायची नाहीत. तू चूल बघ."

"काका, मी काठावर पाहिजे."

"का?"

का, याचं उत्तर तिच्याकडं होतं. जिभेच्या टोकावर होतं. दांड्याकडं पाहिलं. नवरा तिच्याकडंच बघत होता, आणि दुरून मान हलवत होता. नाही. नाही.

"काही नाही," ती म्हणाली.

चारचौघांत बोलणार नाही म्हणालेला मुकादम बोलला नसेलही. काकू बोलली असेल. दुपारपर्यंत चुलीजवळच्या बायकांनी विळी तिच्या हाताला लागणार नाही अशी लांब ठेवली. एकीनं आपलं पोर उचलून घेतलं.

*

चुलीपासून यारी दिसत नव्हती. ऐकू यायची. ओढताना इंजिन कण्हतं, सोडताना नुसतं धपापतं. ती डाळ ढवळत कानानं बादली वर आणत होती, खाली सोडत होती. दगड. दगड. रिकामी. दगड.

मग जेवणाची हाळी झाली. म्हणजे आता माणूस. म्हणजे बारक्या.

इंजिन कण्हलं. कण्हणं मध्येच थांबलं. धपापत राहिलं.

ती ढवळायची थांबली. धपापतच राहिलं. खालून बारक्याची चेष्टा ऐकू येईल म्हणून तिनं श्वास धरला. चेष्टा आली नाही.

ती पळाली. हातातली पळी तशीच.

बादली निम्म्यावर लटकत होती, बारक्या तीत उभा, मान वर करून. नवरा दांड्यावर वाकलेला, डोळे हातावर. टोळी जेवायला निघाली होती, कुणाचं लक्ष नव्हतं.

"काका, ब्रेक घ्या त्यांच्याकडून!" ती ओरडली. "तुम्ही धरा! बारक्याला वर घ्या, लवकर! त्यांच्या हातात नको!"

सगळे वळले. पळी घेऊन धावत येणारी बाई त्यांना दिसली. काय दिसायचं तेच दिसलं.

"धरा तिला!" मुकादम ओरडला. "झटका आला! काठापासून ओढा!"

दोघींनी तिला मागून धरलं. ती खरं ओरडत होती आणि जितकं खरं ओरडत होती तितकी पक्की वेडी ठरत होती. "गोळ्या माझ्या नाहीत! त्यांच्या आहेत! त्यांना बरं नाही!"

"असू दे, असू दे," एक बाई तिच्या कानात म्हणत होती, तापलेल्या लेकराला म्हणावं तसं. "असू दे हं."

तेव्हा दांड्यावरून आवाज आला. मोठा नव्हता.

"ती वेडी नाही."

नवऱ्यानं मान वर केली नव्हती.

"गोळ्या मी खातो. दुखणं माझं आहे. काका, हातावर हात ठेवा. बारक्या बादलीत आहे."

इंजिन धपापत होतं. मुकादम पुढं झाला. त्यानं हात पुढं केलाही. आणि तो दांड्याच्या वीतभर अलीकडं थांबला, जणू त्या हाताला हात लावला तर काहीतरी आपल्याही अंगात चढेल. मागची माणसं एक पाऊल सरकली. मागं सरकली.

"कुणीतरी हात ठेवा," नवरा म्हणाला. "माझ्या हातून सुटतंय."

तिनं हिसडा दिला. बाही फाटली. ती गेली आणि तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. तो हात ओला होता.

"धरलं?" त्यानं विचारलं.

तिला दांडा येत नव्हता. 'धरलं' म्हटलं असतं तर रीतीप्रमाणं त्याचा हात निघाला असता.

"नाही धरलं," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्याला एकेरी हाक मारली. "तूही धर."

त्यानं डाव्या हातानं इंजिनाला वेग दिला. दोघांच्या हाताखाली दांडा ढिला झाला. बादली चढली, कधी नव्हे इतकी हळू, आणि काठाला न घासता वर आली. बारक्या बाहेर पडला. सुजका गुडघा टेकवत मुकादमासमोर जाऊन उभा राहिला.

"काका, आलो वर. दिसतोय ना?"

"आज आलास," मुकादम म्हणाला.

कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उगारला नाही. एकानं इंजिन बंद केलं. दुसऱ्यानं दांड्यावर फडकं फिरवलं, बराच वेळ, हात लागला होता तिथं. मग मुकादम विहिरीकडं बघत म्हणाला, "तुमचं सामान उचला. संध्याकाळच्या आत. पोरं उतरायची नाहीत नाहीतर." थोड्या वेळानं तो असंही म्हणाला, "माझा पुतण्या आहेस म्हणून सांगतो. लांबच्या टोळीत जा. तिथं कळायचं नाही." आणि हे तो खरोखर मायेनं म्हणाला.

*

बसस्टँडवरच्या बाकावर ब्रेकफेल बसला होता. बारक्या मागं ताडपत्री सोडायला थांबला होता. त्यानं दोघांची बोचकी पाहिली, तिची फाटकी बाही पाहिली, नवऱ्याचा काखेत दाबलेला हात पाहिला. काही विचारलं नाही. शेंगदाण्याची टोपली मांडीवर घेऊन तो बाकावर सरकला, दोन माणसांची जागा झाली.

एक बस गावाकडं जाणार होती. दुसरी दवाखान्याच्या मोठ्या गावाला.

"आता दोघं जाऊ बाईकडं," ती म्हणाली. "तुमचा हात दाखवू. आता कुणाला भ्यायचं?"

"आता कशाला?" तो म्हणाला. "वाचवायचं होतं ते गेलं."

"तुम्ही आहात."

समोरून दोन पोरं चालली होती. ब्रेकफेलला हाक मारली, त्यानं ओ दिली. मग पोरं थांबून नवऱ्याकडं बघू लागली, नव्या माणसाला काय म्हणायचं ते ठरवत असल्यासारखी.

तिला डॉक्टरीणबाईचा तो प्रश्न आठवला. स्वतःला संपवण्याचा, माहीत नसताना 'नाही' म्हणून आलेला. तो आता विचारायलाच हवा होता, आणि तिनं विचारला. सरळ, बाईनं विचारला होता त्याच शब्दांत.

त्यानं काखेतला हात काढला आणि दोघांच्या मध्ये बाकावर ठेवला. तिनं त्यावर आपला ठेवला.

"धरलं?" त्यानं विचारलं.

मोठ्या गावची बस आली. कंडक्टर ओरडू लागला. ती 'धरलं' म्हणाली नाही. हात मात्र तिनं इतका आवळला की त्याचीही पेरं पांढरी झाली, आणि उभी राहून त्याला ओढू लागली.

गोळ्यांची रिकामी पट्टी बारक्याला चुलीमागच्या राखेत सापडली होती, ताईला काठावरून काढलं त्याच्याही आधी. त्यानं ती औषधवाल्याला दाखवली, कशाची ते विचारून घेतलं, परत येऊन दगडाखाली पुरली, आणि बादलीत पाय ठेवला.